राब भाजल्यासारखं

ठाण्याच्या तळ्यापलीकडे बायकांचा एक लहानसा दवाखाना होता. कोण्या परोपकारी शेटजींनी बांधून दिलेला. एका ओळीत खाटा, पुढे पडवी आणि मागे एक कोंदट खोली, जिला सगळे टेबलाची खोली म्हणत. त्या खोलीत शेवंती नावाची एक आगरी विधवा उभी राही आणि रबराचा फुगा दाबी. हेच तिचं मुख्य काम. खाटा पुसणं, चिंध्या धुणं, रडणाऱ्या बाईचं डोकं धरणं हे सगळं ती करीच, पण त्याला काम म्हणायची पद्धत तेव्हाही नव्हती.

फुग्याचा प्रकार असा होता. मडमच्या, म्हणजे तिथल्या गोऱ्या डॉक्टरीणबाईच्या, हातात लाकडी मुठीचं एक हत्यार असे, त्याच्या टोकाला प्लॅटिनमचा बोंडाएवढा गोळा. तो आधी दिव्यावर लाल करायचा आणि मग फुगा दाबत राहायचं, म्हणजे नळीतून एका उडत्या तेलाची वाफ जाऊन टोक लालच राही. हात थांबला की टोक काळवंडे, आणि काळवंडलेलं टोक मांसाला चिकटून बसे. गर्भाशयाच्या तोंडाशी वाईट गाठ झालेली बाई आली, की मडम आधी सुरीने ती काढी आणि जिथवर सुरी पोचत नाही तिथवर हे लाल टोक फिरवून जागा जाळून घेई, मुळं राहू नयेत म्हणून. आता म्हणे ऑपरेशन चालू असतानाच उघड्या जखमेवर किरणं सोडतात. हेतू तोच, डोळ्यांना न दिसणारं मूळ गाठायचं. एकोणिसावं शतक सरत आलं होतं तेव्हा किरणं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. होता तो विस्तव, आणि विस्तव टिकवायला शेवंतीचा हात.

तिच्या कोपरी गावाला हे काम मुळीच पसंत नव्हतं. नवरा तापाने गेल्यावर चार जणींसारखा पाट लावून ती दुसऱ्या घरी गेली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ही उठली आणि गोऱ्या बाईच्या हाताखाली, परक्या बायकांच्या रक्तामांसात हात घालायला लागली! गावाची जीभ महिनाभर नुसती सुटली होती. तेव्हा तिच्या बाजूने एकटी ठमाबाई उभी राहिली. ठमाबाई तिची थोरली जाऊ. शेवंती परकरात या घरी आली तेव्हा तिची वेणी घालणारी, तिला भाकरी थापायला शिकवणारी, सासूचा मार आपल्या पाठीवर घेणारी. विहिरीवर बायकांची कुजबुज सुरू झाली तशी ठमाबाईने कळशी आपटली आणि म्हणाली, "तुमच्या पोरी बालंतपनात अरल्या म्हंजे कुनाकरं जाल, तवा बगू." त्यानंतर निदान ठमाबाईच्या देखत कुणी तोंड उघडलं नाही.

अशी ही ठमाबाई. मिठागरात पुरुषाच्या बरोबरीने टोपली उचलायची, आणि हसली तर बांधापलीकडे ऐकू जायचं. दैवाने एकच गोष्ट तिला दिली नव्हती. तिची कूस उजवली नाही. तिचा नवरा काळुराम सरळ माणूस, इतका सरळ की सांगितल्याशिवाय वळायचाही नाही. त्याने दुसरी बायको केली नाही ती मायेपोटी की आळसापोटी, ते त्यालाच ठाऊक. ठमाबाई मात्र दर चैत्रात कार्ल्याची वाट धरायची आणि आई एकवीरेपुढे पदर पसरायची. पुढे तिचं वय झालं, महिन्याचं बाजूला बसणं थांबलं, तरी तिचं जाणं थांबलं नाही. माणूस सवयीनेही देवाला जातं.

आणि एका चैत्रात कार्ल्याहून परत आल्यावर, इतक्या वर्षांनी, ठमाबाईला पुन्हा विटाळ आला.

आता यात रोगाची शंका कुणाला यावी? शिकल्यासवरल्या घरात आली नसती, तर कोपरीत कुठून यायची? गावातल्या बायकांनी आधी चेष्टा केली, म्हातारी पुन्हा न्हाणाला आली म्हणून. पण आवडाबाईने, म्हणजे गावाच्या सुइणीने, तिच्यावरून तांदूळ ओवाळले आणि सांगितलं, "आयशीनं तुजी कूस उघरली, ठमे." मग चेष्टा थांबली. ठमाबाई मागच्या पडवीत गोणपाटावर बसायची, काळुराम लांबून भाकर सरकवायचा. त्यांच्या आगरावर अशा दिवसांत बाईने बांधावर पाय ठेवायचा नाही, मीठ धरत नाही म्हणत. तेही ती पाळायची. आधी महिन्याने, मग पंधरवड्याने, मग आठवड्याने तिचं बाजूला बसणं होऊ लागलं. जितकं वरचेवर होई तितकी तिची आशा वाढे. आणि बाजूला बसलेल्या बाईच्या जवळ कुणी जात नसल्यामुळे, तिला किती जातंय, कसला वास येतोय, ती किती वाळलीय, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शेवंती आता दवाखान्यातच राहायची, तिला तर मुद्दामच कळू दिलं नाही. दवाखान्यातली बाई जिथे तिथे रोग बघते आणि शिवाय नजर लागते, असं आवडाबाईचं मत. शेवंती भेटायला आली आणि ठमाबाई बाजूला असली, की आवडाबाई तिला वाटेतच गाठून सांगायची, बाय माहेरी गेलीय. शेवंती आणलेला खाऊ तिच्याच हाती देऊन परत फिरायची.

वर्ष असं सरत आलं. मग शिमग्याआधी एका सकाळी ठमाबाई बांधावरच कोसळली. काळुरामने बैलगाडी जुंपून तिला दवाखान्यात आणली. तो स्वतः गाडीच्या पुढे चालत आला, कारण तिला विटाळ होता. शेवंतीने लुगडं सोडलं आणि तो वास आला. हा वास तिला चांगला ठाऊक होता. तिने गरम पाण्याचं भांडं खाली ठेवलं आणि मडमला हाक मारली.

मडमने तपासलं. ही मडम मराठी शिकली होती पाद्र्यांच्या पुस्तकातून, त्यामुळे ती बोलली की भिंतीवर टांगलेली पाटी वाचल्यासारखं वाटे. ती म्हणाली, "गाठ मोठी आहे. परंतु अद्याप आशा आहे. गर्भाशयाचा भाग कापून काढावा लागेल व जागा जाळावी लागेल. विलंब करू नये." शेवंतीने मान हलवली. भाषेची अडचण नव्हती, अडचण पुढेच होती.

टेबलावर निजवल्यावर, क्लोरोफॉर्मचा रुमाल जवळ येताना बघून ठमाबाईने शेवंतीचं मनगट घट्ट धरलं.

"शेवंते, खरं सांग. कूस ऱ्हाईल ना गो? ऱ्हायची नसंल त मी ही उठली. मरन आलं तरी बेहत्तर."

आणि ती खरंच उठली असती. शेवंती तिला ओळखत होती. उठून, पदर खोचून, रक्त गळत असताना कोपरीपर्यंत चालत गेली असती आणि पावसाच्या आत मेली असती.

"काय म्हणते ती?" मडमने विचारलं. तिला आगरी बोली कळत नव्हती.

"काय नाय. भ्यायली हाय," शेवंती म्हणाली. मग ती खाली वाकली. "बाय, आपन राब भाजताव ना? त्यानं शेत मरतं क?"

राब भाजणं तिथे कुणाला सांगावं लागत नाही. पावसाआधी भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, गोवऱ्या पसरून जमीन भाजून काढतात. तण मरतं, आणि त्या काळ्या राखेतून रोप तरारून वर येतं. ठमाबाईने जन्मभर राब भाजले होते. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"हां गो," ती म्हणाली. "माज्या ध्यानातच नाय आलं." आणि डोळे मिटून घेतले.

शेवंतीने फुगा हातात घेतला. मडमने कापलं, मडमने जाळलं, आणि जे जळत होतं ते जळू देण्यासाठी शेवंती तो दाबत राहिली. जीव वाचवायला खोटं बोलावं, असं कुठलं तरी शास्त्र सांगतं म्हणतात. शेवंतीला शास्त्र ठाऊक नव्हतं. तिला आपली जाऊ हवी होती, एवढंच.

आणि ठमाबाई उठली! जखम भरली, वास गेला, भाकरी गोड लागू लागली. त्या पावसाळ्यात ती गुडघाभर चिखलात उभी राहून भात लावत होती. गावाने तोंडात बोट घातलं. विहिरीवर शेवंतीला वाट मिळू लागली, एकदोघी तर आपल्या दुखण्याबद्दल हळूच विचारू लागल्या. शेवंती मनात म्हणे, शिमगा होऊ दे, मग सांगू. शिमगा झाला, म्हणाली, लावणी होऊ दे. लावणी झाली, म्हणाली, गौरी येऊन जाऊ देत. तिला असंही वाटू लागलं होतं, की सांगायचीच काय गरज? बाई पन्नाशीला आलेली. वाट बघेल, दमेल, विसरून जाईल. कितीतरी बायका अशाच विसरतात.

ठमाबाई विसरली नव्हती. ती वाट बघत होती.

थंडी पडायला लागली, आगरात मिठाची तयारी सुरू झाली, आणि एका दुपारी ठमाबाई पानात बांधलेले सुके बोंबील घेऊन एकटीच दवाखान्याच्या पडवीत येऊन बसली. तिच्या डोळ्यांत चमक होती. शेवंती चिंध्या पिळत होती. ठमाबाईने इकडेतिकडे बघितलं आणि नव्या नवरीसारखी लाजून म्हणाली, "सुरू झायलं गो."

"काय?"

"इटाल. दिवालीपासून. मी बोलली नाय कुनाला, म्हटलं जरा टिकू दे. तू म्हनलीस तसंच झायलं बग. राब भाजला, आता आयलं."

शेवंतीच्या हातातली चिंधी तशीच राहिली. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि ठमाबाईच्या लुगड्याचा वास तिच्यापर्यंत पोचला. बोंबलांचा नव्हता तो. समोर बसलेली बाई हसत होती, आणि ते हसू आपणच तिला दिलं आहे हे शेवंतीला कळत होतं. शेवंती उठली. तिने तिला आत नेलं, 'मडमला दाखवून ठेवू' एवढंच म्हणाली.

मडमने तपासलं आणि हात धुवायला बराच वेळ लावला. मग शेवंतीला टेबलाच्या खोलीत बोलावून म्हणाली, "रोग परत आला आहे. आणि ही स्त्री आनंदात का आहे?"

तेव्हा शेवंतीने सगळं सांगितलं. राबाचंही. मडमने हातातला टॉवेल खाली ठेवला. ती रागावेल असं शेवंतीला वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "त्या दिवशी ती काय विचारते हे मी समजून घ्यायला हवे होते. मला घाई होती." मग म्हणाली, "आपण तिला सत्य सांगितले पाहिजे."

"पुन्हा जालून काढा ना, मडम. एक डाव बगा."

"मी बघेन. वचन देत नाही. परंतु सत्य सांगा."

शेवंतीने सांगितलं नाही. या खेपेला गुण आला तर उठल्यावर सांगू, तिने ठरवलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि इथे तर बुडणारी दुसरी होती आणि काडी धरून बसली होती शेवंती. ठमाबाई आपणहून टेबलावर चढली. या वेळी तिने काही विचारलंसुद्धा नाही. राब दर सालीच भाजतात.

मडमने सुरी चालवली, मग बोट आत घालून चाचपलं. गाठ मूत्राशयाच्या भिंतीत शिरली होती. तिथे जाळलं तर भोकच पडणार, आणि न जाळावं तर सुरी पुरी पडत नव्हती. मडमने लाल टोक जवळ नेलं, क्षणभर तसंच धरलं आणि मागे घेतलं.

"पुरे," ती म्हणाली.

शेवंतीचा हात थांबला नाही. फुगा दाबला जात होता, टोक लालबुंद होतं आणि त्याने जाळता येईल असं आता काही राहिलं नव्हतं. मडमने हत्यार बशीत ठेवलं, तरी हात चालूच. शेवटी मडमने जवळ येऊन तिची बोटं एकेक करून सोडवली.

ओळीच्या टोकाला असलेल्या एकट्या खाटेच्या खोलीत ठमाबाई शुद्धीवर आली तेव्हा ऊन खाटेवर आलं होतं. तिने आधी पोटावर हात ठेवला, मग शेवंतीकडे बघितलं.

"भाजलं?"

आता मात्र शेवंतीला खोटं सुचेना. तिने प्रयत्न केला, तोंड उघडलं, पण राबाची गोष्ट एकदाच सांगता येते.

"नाय भाजलं, बाय."

"कनाला? का नाय?"

"भाजन्याजोगं काय ऱ्हायलं नाय. हा इटाल नव्हं, दुखनं हाय. पयल्यापासून दुखनंच व्हतं." तिला रडू आवरेना. "कूस गेल्या सालीच गेली. मडमनं कापली, जालली. मी फुगा दाबत व्हती."

ठमाबाईने पोटावरचा हात काढून घेतला. आकांत केला नाही तिने. पडवीत कुणाचं तरी पोर रडत होतं. मग तिने हळूच विचारलं, "तवा सांगता आलं नसतं?"

"तू उठून गेली असतीस."

"गेली असती," ठमाबाई म्हणाली. "मंग येवरं वरीस मी कुनाची वाट बगत व्हती गो?"

शेवंतीने पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्या ओठांशी नेलं. ठमाबाईने ओठ मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर शेवंतीच्या हातचं पाणी तिने घेतलं नाही. शेवंती चिंध्या बदलायची, अंग पुसायची, कुशीवर वळवायची, ते ठमाबाई करू देई, कारण तेवढंही स्वतःला करायची ताकद उरली नव्हती. पण पेला जवळ आला की तोंड बंद. मडमने विनवून बघितलं, तिच्या पुस्तकी मराठीत. ठमाबाईने तिच्याकडेही पाठ केली. ओठांना भेगा पडल्या, जीभ कोरडी पडली, आणि ज्या बाईने आपल्याला घास भरवले तिला घोटभर पाणी पाजता येत नाही म्हणून शेवंती खांबाला डोकं टेकून उभी राही.

काळुराम पडवीच्या कडेला उकिडवा बसलेला असे. आत यायचा नाही, खाटेला शिवायचा नाही. शेवंती त्याच्यापुढे जाऊन डोक्यावरचा पदर पुढे ओढत म्हणाली, "दादा, तुमी पानी पाजा तिला."

काळुराम गोंधळला. "तिला इटाल हाय ना?"

"इटाल नाय, दादा. दुखन्याचं रगत हाय ते. कवाच इटाल नव्हता."

काळुरामच्या डोक्यात गोष्ट हळूहळू शिरायची.

"कवाच नव्हता?"

"नाय."

"मंग मी तिला लांबून भाकर..." एवढं बोलून तो थांबला. उठला, हात धोतराला पुसले आणि आत गेला. पेला कसा धरावा हे त्याला कळत नव्हतं. निम्मं पाणी उशीवर सांडलं. पण त्याने तिच्या डोक्याखाली हात घातला तेव्हा ठमाबाई प्यायली, गटागटा प्यायली, आणि त्याचा हात तिने तसाच धरून ठेवला. वर्षदीडवर्षात कुणा आपल्या माणसाने तिला असं धरलं नव्हतं. शेवंतीने धरलं होतं, पण शेवंती आता आपली राहिली नव्हती.

थोड्या वेळाने काळुराम दाराशी आला. शेवंतीने आशेने विचारलं, "काय बोलली?"

काळुरामला खोटं बोलता येत नसे. तो खाली बघून म्हणाला, "दार लोटून घे बोलली. शेवंतीला आत घेऊ नको." आणि त्याने खरंच दार लोटून घेतलं. नुसतंच लोटलेलं होतं, कडी नव्हती त्याला. शेवंती बाहेर उभी होती. आतून काळुरामचा आवाज येत होता. कुठला बांध फुटलाय, यंदा मीठ कसं धरेल, असलं काही तो तिला सांगत होता. चिंध्या बदलायला त्या दिवसापासून मडम स्वतः जाऊ लागली.

ठमाबाई तिथेच गेली, पहाटे, नवऱ्याच्या हातावर डोकं ठेवून. निरोप गावात पोचला तशा दोघीचौघी बायका आल्या, पुढे आवडाबाई. हळद आणली होती, कुंकू आणलं होतं, हिरवं लुगडं आणलं होतं. अहेव गेलेली बाई, तिची ओटी भरून तिला न्यायची होती. शेवंती दाराशी पुढे झाली, तेव्हा आवडाबाईने हात आडवा केला. रागाने नाही. आवडाबाईचेही डोळे सुजलेले होते.

"तू नको गो," ती म्हणाली. "तुला कुंकू नाय. अहेव बाईला तुजा हात चालायचा नाय." मग जरा थांबून, काहीतरी द्यावं म्हणून, म्हणाली, "पानी तेवढं तापव."

शेवंतीने पाणी तापवलं. फार कढत होऊ दिलं नाही, बोट घालून बघितलं. मग हंडा उचलून दारापर्यंत नेला, उंबऱ्याबाहेर ठेवला आणि मागे सरली.